कंपनी परदेशी आहे म्हणून गाव घाबरतंय का?

प्रश्न: आमच्या दिंडोरी तालुक्यात एक परदेशी कंपनी येणार अशी चर्चा चालू आहे. पोरं खूश आहेत पण बागायतदार म्हणतात बाहेरच्यांना जमीन द्यायची नाही. परक्या पैशाला लोक एवढे का घाबरतात? - एक वाचक, दिंडोरी

उत्तर: दादा, पैसा परका म्हणून घाबरतात असं मला नाही वाटत. नाशिकच्या सातपूरची मायको कंपनी जर्मन बॉशचीच ना, पण तिथं पोरं पर्मनंट लागली, त्यांची घरं उभी राहिली, मग नाशिककरांनी ती आपली मानली. ज्याची द्राक्षबाग जाणार त्याला साहेब जपानी की मुंबईचा याच्याशी काय करायचंय, तो विचारतो भाव काय देणार, विहिरीला पाणी राहणार का, पोराला कंपनी घेणार का ठेकेदाराकडे लावणार. बागायतदारांना नीट विचारून बघा, बहुतेक हेच निघेल.

एक फरक मात्र लक्षात घ्या, परदेशी कर्ज वेगळं आणि कंपनीची गुंतवणूक वेगळी. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाला जागतिक बँकेचं कर्ज होतं, आपल्या नंदुरबारकडची आदिवासी गावं बुडणार होती, लोक एवढे लढले की बँकेला चौकशीसाठी स्वतंत्र मोर्स समिती नेमावी लागली, 1992 ला तिचा अहवाल पुनर्वसनावर फार कडक आला आणि 1993 मध्ये भारताने उरलेलं कर्जच सोडलं. त्याच वर्षी बँकेने बाधित लोकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र पॅनल काढलं. बुलेट ट्रेनलाही जपानच्या जायका या सरकारी संस्थेचं कर्ज आहे, म्हणून 2018 मध्ये गुजरातचे शेतकरी तक्रार घेऊन थेट जायकाकडे गेले. म्हणजे कर्ज असलं की सरकारच्या वर अजून एक दार ठोठावता येतं, ही गोष्ट गावांना कुणी सांगतच नाही याचा मला खरंच राग येतो.

कंपनी स्वतःचा पैसा घालत असेल तर मुख्य आधार इथल्या कायद्याचाच. पर्यावरणाची जनसुनावणी लागणार असेल तर किमान 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा, तो मागून घ्या. मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पाला ही सुनावणी बऱ्याचदा नसते, म्हणून जागा वसाहतीत येते का बाहेर ते पहिलं तपासा. आणि नोकरीचा शब्द दिला असेल तर पर्मनंट किती, कंत्राटी किती हे जमीन देण्याआधी लेखी घ्या, पोरांनाही सोबत बसवा.