शिरेतला शेवटचा नमुना

रत्नागिरी

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

मेंदूचा रक्तप्रवाह मोजायचं काम तुझ्याकडे आलं, फार आनंद झाला. पद्धत केटी आणि श्मिट या अमेरिकी शास्त्रज्ञांची, १९४५ सालची. १५ टक्के नायट्रस ऑक्साइड, २१ टक्के ऑक्सिजन, बाकी नायट्रोजन. मास्कमधून १० मिनिटं. नायट्रस ऑक्साइड शरीरात मोडत नाही, म्हणून धमनीतून आलेला वजा शिरेतून गेलेला, तेवढाच मेंदूत राहिला असा हिशेब मांडता येतो.

०, १, ३, ५ आणि १० मिनिटांना धमनी आणि गळ्याची शीर, दोन्हीकडून एकाच वेळी रक्त घे. शिरेतली नळी कवटीच्या तळाशी, ज्युग्युलर बल्बपर्यंत, म्हणजे त्या शिरेच्या वरच्या फुगीर टोकापर्यंत गेली पाहिजे. खाली राहिली तर चेहऱ्याचं रक्त मिसळतं. जोरात ओढलंस तरी तेच. सिरिंज काचेची, रक्त गोठू नये म्हणून हेपारिन लावलेली. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ती पूर्ण सुकली आहे ना, हे उजेडात धरून बघ. बुडबुडा राहिला की रक्तातला वायू त्यात निसटतो. नमुना लगेच बंद कर.

समजा १० व्या मिनिटाला शिरेत १०० मिलीमागे ३.५ मिली वायू आहे आणि धमनी आणि शीर यांतल्या वायूचे वेळेनुसार काढलेले जे दोन आलेख, त्यांच्यामधलं क्षेत्रफळ ६.५. मेंदू-रक्त विभाजन गुणांक, म्हणजे वायू मेंदूत आणि रक्तात कोणत्या प्रमाणात वाटला जातो तो आकडा, साधारण १. मग १०० गुणिले ३.५ म्हणजे ३५०, भागिले ६.५, म्हणजे १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५४ मिली. निरोगी तरुण माणसात एवढाच येतो.

खरी गफलत शेवटी होते. भरतीचं पाणी खाडीच्या तोंडाशी लगेच चढतं, आतल्या खाजणात उशिरा. तसा मेंदूचा करडा भाग वायूने लवकर भरतो, पांढरा मागे राहतो. प्रवाह मंद असलेल्या रुग्णात १० मिनिटांनीही दोन्ही आलेख जुळत नाहीत. तरीही सूत्र लावलंस तर प्रवाह खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, आणि नेमका आजारी मेंदूच बरा वाटतो. अशा वेळी वेळ वाढव, नाहीतर आलेखांची उरलेली शेपटी गणिताने पुढे ओढ. केलंस ते वहीत लिही.

धमनीच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोजल्याशिवाय आकडा कुणाला देऊ नकोस. त्याचा दाब पाऱ्याच्या १ मिमीने बदलला की प्रवाह २ ते ४ टक्के हलतो. मास्कला घाबरून माणूस भराभर श्वास घेतो, दाब उतरतो, प्रवाहही उतरतो. म्हणून आधी नुसत्या हवेवर मास्क लावून त्याला शांत होऊ दे. कडेने गळती आहे का, तेही तेव्हाच कळतं. दाढीवाल्यांत हमखास असते.

पहिली मोजणी झाली की नुसता आकडा नको, पाचही जोड्या पाठव.