शंभरच्या वेगात इंजिनाचे फेरे किती असावेत?

द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना आपल्या गाडीचे इंजिन मिनिटाला २८०० फेरे घेते, हा दोष तर नाही ना, असे आपण विचारले आहे. हा दोष नसून गिअरच्या गुणोत्तराचा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन किती फेरे घेते या प्रमाणाचा, परिणाम आहे. टायरचा घेर १.९ मीटर धरल्यास या वेगाला चाक मिनिटाला सुमारे ८७७ वेळा फिरते. पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.७८ आणि अंतिम गुणोत्तर (गिअरबॉक्सनंतर चाकांकडे जाणाऱ्या शेवटच्या दातेरी चक्रांचे) ४.१ यांनी त्याला गुणले की जवळपास २८०० हाच आकडा येतो. फेरे कमी व्हावेत म्हणून मोठे टायर बसवू नयेत, कारण मग वेगदर्शक प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो. खंडाळ्याच्या चढावर मात्र पाचव्याचा हट्ट सोडून निःसंकोच खालचा गिअर टाकावा. वेग न वाढता फेरेच वाढत असतील, तर क्लच तपासून घ्यावा.