जुन्या इंग्लंडमध्ये कापणीनंतर गरीब बायका सरवा वेचायच्या का?

हो, आणि सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेल्या ओंब्या, हा पोटापाण्याचा मोठा आधार होता. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शेतमजुराची मजुरी इतकी तुटपुंजी होती, की सरव्याच्या गव्हावर घरची भाकरी, म्हणजे त्यांचा पाव, कित्येक आठवडे निघायचा.

पद्धत मजेशीर होती. कापलेल्या शेतात शेतकरी एकच पेंढी उभी ठेवायचा. ती दिसतेय तोवर आत पाऊल टाकायचं नाही. उचलली की बायका-पोरं तुटून पडायची. पूर्वेकडच्या बऱ्याच गावांत सकाळी चर्चची घंटा वाजल्यावरच वेचणी सुरू आणि संध्याकाळच्या घंटेला बंद. कडेवर तान्हं असलेली बाई मागे पडू नये, हाही त्यामागचा हेतू. दिवसभर वाकून कंबरेचा काटा ढिला व्हायचा, ते वेगळंच.

१७८८ मध्ये सफोकमधल्या टिमवर्थ गावच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की सरवा वेचणं हा कायदेशीर हक्क नाही. पण गावाने ऐकलं थोडंच! पुढे शंभरेक वर्षं वेचणी चालूच राहिली. ती खरी आटली यंत्रांमुळे: घोड्याने ओढायच्या दाताळ्याने शेत विंचरल्यावर वेचायला उरणार काय?