सोलापुरात मँडोलिनचा वाद्यवृंद जमेल का? मँडोला, मँडोचेलो ही मँडोलिनची खालच्या सुरांची मोठी भावंडं मिळत नाहीत
जमेल की! त्यावाचून अडू नका. मँडोलिनवाल्यांचे दोन गट करा: एक चाल वाजवेल, दुसरा साथ. मँडोलाच्या जागी गिटार, खर्जाला बेस गिटार.

खरी मेहनत सूर लावण्यात आहे. मँडोलिनला 8 तारा, म्हणजे 4 जोड्या, व्हायोलिनसारख्याच सा-प अंतरावर लावलेल्या. जोडीतली एक तार बोटाने मुकी करा, दुसरी ट्यूनरवर (सूर दाखवणाऱ्या यंत्रावर) लावा, मग पहिली तिच्याशी कानाने जुळवा. दोन्हींतली थरथर विरली की जोडी लागली. दहाजणांची अशी लागली ना, की अंगावर काटा येतो!

आपल्याकडच्या मे महिन्यात वाद्य उन्हातून आणलं की लगेच लावू नका, पंधरा मिनिटं खोलीत निवू द्या. सितार-तंबोऱ्यांचं मिरज फार लांब नाही; घोडी (तारा टेकतात ती पट्टी) किंवा खुंट्या बिघडल्या तर तिथल्या कारागिरांना विचारून बघा.