घरात न वाचलेली पुस्तकं पडून असताना नवीन विकत घ्यावीत का?

तुम्ही लिहिलंय की चाळीसेक पुस्तकं घेतलीत, त्यातली निम्मी अजून उघडलीही नाहीत आणि घरचे म्हणतात आधी ती संपव मग नवीन आण. हे वाक्य मी आमच्या घरात वीस वर्षं ऐकलंय म्हणून उत्तर द्यायला बसलो, जरा लांबेल.

मी सांगलीचा, गावभागात घर, मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. म्हणजे पगाराचा अंदाज तुम्हाला आलाच असेल. तरी 2019 पर्यंत साडेतीनशेच्या आसपास पुस्तकं झाली होती. काही प्रदर्शनातली, काही स्टँडवरच्या स्टॉलवरची, आणि पुण्याला कशालाही गेलो तरी अप्पा बळवंत चौकात एक चक्कर ठरलेली, मग येताना एसटीत बसून बायकोला काय किंमत सांगायची ते ठरवायचं. वहीत मात्र नोंद खरी. तारीख, कुठनं घेतलं, कितीला, आणि वाचून झालं की पुढं बरोबरची खूण. हिशेबाची सवय, दुसरं काय. त्या वहीप्रमाणं साडेतीनशेतली एकशेदहा न वाचलेली होती, म्हणजे तुम्ही अजून बरेच मागं आहात.

मग ऑगस्ट 2019 चा पूर आला. आमच्याकडं सगळं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या फुटांत मोजतात, 45 फूट ही धोक्याची पातळी, त्या वेळी पाणी 57 च्या वर गेलं. 2005 ला आमच्या घरात गुडघाभर आलं होतं त्यामुळं गल्लीतल्या सगळ्यांनी त्याच हिशेबानं आवराआवर केली, मी पण खालच्या दोन कप्प्यांतली पुस्तकं वर कोंबली आणि बहिणीकडं विश्रामबागला गेलो, डोक्यात एवढंच की चार दिवसांत येऊ. आठवड्यानं परत आलो तर भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या गळ्याशी आणि लोखंडी कपाट उताणं पडलेलं.

भिजलेली पुस्तकं कधी बघितलीत का? ती मऊ पडतील असं वाटतं पण कपाटात असली तर फुगतात, आणि फुगायला जागा नसते म्हणून एकमेकांत अशी दाबून बसतात की एक पण बाहेर निघत नाही. मी एकाला धरून ओढलं तर पाठीची पट्टी तेवढी हातात आली. शेवटी शेजारच्या पोरानं पहार घालून कप्पा वाकवला तेव्हा सगळा गठ्ठा एकदम बाहेर आला. वाईत तयार झालेल्या मराठी विश्वकोशाचे तीन खंड मी हौसेनं घेतले होते, त्यातली चित्रांची गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटून पार वीट झालेली. उलट ज्या हलक्या कागदाच्या स्वस्त आवृत्त्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली त्या गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळवल्यावर निदान वाचण्याजोग्या राहिल्या, अशी दहा-बारा पुस्तकं बचावली. शाईपेननं लिहिलेलं माझं नाव सगळीकडनं गेलं, बॉलपेनचं टिकलं. गाळाचा वास अजून आहे त्यांना.

शहरातल्या जुन्या वाचनालयाचं पण फार नुकसान झालं त्या पुरात, ते बघितल्यावर आपल्या कपाटासाठी रडायची लाजच वाटली.

वही मात्र एलआयसीच्या कागदांबरोबर पिशवीत होती म्हणून वाचली. दिवाळीच्या आधी एका रात्री ती घेऊन बसलो, काय काय गेलं बघू म्हणून, आणि वाचताना एक गंमत कळली. खूण असलेल्या पुस्तकांतली बरीचशी मला आठवेनात. म्हणजे वाचलं, संपवलं, खूण केली, पण आत काय होतं विचाराल तर शून्य. आणि खूण नसलेली सगळी आठवत होती, कुठल्या पावसात कुठल्या दुकानात घेतली, त्या वेळी काय डोक्यात होतं, कुणी सांगितलं होतं. वाईट त्यांचंच जास्त वाटलं.

आता तुम्ही म्हणाल मग तीच परत घेतली असतील. नाही ना! तेव्हापासून आत्तापर्यंत गेलेल्यांतली अकराच परत घेतली आणि त्यातली नऊ आधी वाचलेली. पहिलं घेतलं 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकर आमच्याच जिल्ह्यातले, आटपाडीकडचे, आणि त्या कादंबरीत शेवटी दुष्काळानं धनगरांची अख्खी वाडी उठून जाते. दुष्काळाचं पुस्तक पुरात गेलं. आमच्या जिल्ह्याचं हे असंच आहे, जत-आटपाडीला टँकर आणि सांगलीत नावा. दुसरं 'फकिरा', ते तिसऱ्यांदा घेतलं कारण आधीच्या दोन्ही प्रती मीच कुणाकुणाला दिल्या होत्या. अण्णा भाऊ वाटेगावचे, शाळा दीड दिवसाची म्हणतात, आणि भाषा बघा त्या माणसाची. 'ययाति' परत घेतलं नाही. खांडेकरांचा जन्म सांगलीतला, 1974 चं ज्ञानपीठ, सगळं मान्य, पण कॉलेजात असताना लोक म्हणतात म्हणून घेतलं होतं आणि खूण करताना सुटल्यासारखं वाटलं होतं ते मला अजून आठवतंय. विश्वकोश पण नाही घेतला, तो आता फुकट ऑनलाइन आहे.

भिलारला गेलायत का? पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं स्ट्रॉबेरीचं गाव, 2017 पासून पुस्तकांचं गाव झालंय, लोकांच्या घरात विषयवार पुस्तकं ठेवलीत, जाऊन फुकट वाचत बसायचं. मी तिथं एका ओसरीवर तीन तासांत एक पुस्तक संपवलं आणि बाहेर आल्यावर वाटलं हे आपल्याकडं असावं. वाचून झालेलं पुस्तक! मग कळलं की माझं घेणं आणि माझं वाचणं ही दोन वेगळी व्यसनं आहेत, एकाचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर टाकायचा नाही.

तर तुमचं उत्तर. घरचे न वाचलेल्या पुस्तकाला उधारी समजतायत, मी त्याला शिल्लक माल म्हणतो. आमच्याकडं हरिपूरला हळदीची पेवं असायची, जमिनीत खोल खड्डा, त्यात माल भरून तोंड बंद करायचं आणि भाव येईपर्यंत वर्षानुवर्षं ठेवायचा. रोज उघडून कोण बघत नव्हतं. फक्त दुसऱ्यानं सांगितलं म्हणून घेऊ नका, तो माल पडूनच राहतो. बाकी पैसे असतील तर खुशाल घ्या.

अर्थात 2005 ला पेवांत पण पाणी शिरलंच. म्हणून एक अजून सांगतो. विट्याला माझा एक मित्र आहे, यंत्रमागवाला, पुस्तक नेलं की परत द्यायचं नाव नाही. वहीत त्याच्या नावावर चौदा पुस्तकं लाल पेननं 'येणे' म्हणून मांडलेली आणि दोन वर्षांनी मीच 'बुडीत' लिहून खातं बंद केलेलं. पुरानंतर महिन्याभरानं तो कापडी पिशवी घेऊन दारात उभा. बारा पुस्तकं, कोरडी, कव्हर घातलेली. माझ्या अख्ख्या संग्रहातली धड राहिलेली तेवढीच. पिशवी खाली ठेवत म्हणाला, "उरलेली दोन वाचायची हायत अजून."

ती दोन अजून त्याच्याकडंच आहेत, मी मागत नाही. आता पावसाळ्यात कोयनेतनं पाणी सोडल्याची बातमी आली की त्याचाच फोन येतो, "काय रे, आणखी चार-पाच न्यायला येऊ का?"