पॅनेल वायरिंगसाठी ऑगमेंटेड रिॲलिटीचे चष्मे घ्यावेत का?

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत विद्युत पॅनेल तयार करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. प्रत्येक ऑर्डरचे पॅनेल वेगळे असल्यामुळे वायरमनचा बराच वेळ ड्रॉइंग पाहण्यात जातो आणि चुकीच्या टर्मिनलला (तार जोडण्याच्या जागेला) गेलेल्या तारा थेट चाचणीच्या वेळी सापडतात. डोळ्यांसमोर सूचना दाखवणारे चष्मे घेण्याचा आमच्या मालकांचा विचार आहे. त्याने काम खरोखर वाढेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हे तंत्र मुळात आपल्यासारख्या कामासाठीच पुढे आले. विमानातील तारांचे जुडगे बांधताना प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र फळा लागे. त्याऐवजी कोऱ्या फळ्यावर तारेचा मार्ग कामगाराला चष्म्यातून दिसावा, ही कल्पना बोइंगमधील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी १९९२ मध्ये शोधनिबंधातून मांडली. पुढे मालवाहतूक करणाऱ्या डीएचएल कंपनीने नेदरलँड्समधील गोदामात चष्म्यांचा प्रयोग करून माल वेचण्याचे काम २५ टक्क्यांनी सुधारल्याचे जाहीर केले. मात्र हा आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लागू करू नये, कारण गोदामात कोणत्या कप्प्यातून किती नग काढायचे एवढेच दिसले तरी पुरते.

पॅनेलमध्ये लहान टर्मिनलची रुंदी साधारण ५ मिलीमीटर असते. चष्म्यातील बाण नेमका टर्मिनलवर उमटवायचा ठरवले आणि तो काही मिलीमीटर सरकला, तर वायरमन शेजारच्या टर्मिनलमध्ये तार बसवेल, आणि तीही अधिक विश्वासाने. म्हणून बाणाच्या मोहात न पडता तारेचा क्रमांक, दोन्ही टोकांचे टर्मिनल, तारेची जाडी व रंग एवढेच एका वेळी दाखवावे आणि फेरूलशी (तारेच्या टोकावरील क्रमांकाच्या नळीशी) ताडून पाहण्याचे काम माणसाकडेच ठेवावे, असे माझे मत आहे. यासाठी स्टँडवर लावलेला टॅब्लेटही पुरेसा आहे. माउंटिंग प्लेट (पॅनेलचे भाग ज्यावर बसवतात तो पत्रा) टेबलावर आडवी ठेवून वायरिंग करत असाल, तर वरून प्रोजेक्टरने खुणा पाडता येतात; उभ्या कपाटात मात्र वायरमनच्याच हाताची सावली आड येते.

खर्चाआधी उपकरणाचे आयुष्यही पाहावे. गुगल ग्लास या चष्म्याच्या औद्योगिक आवृत्तीची विक्री २०२३ मध्ये थांबली आणि मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ या डोक्यावर घालायच्या चष्म्याचे उत्पादन २०२४ मध्ये बंद झाले. होलोलेन्स २ चे वजन अर्ध्या किलोहून अधिक असून त्याची बॅटरी दोन-तीन तास चालते. आठ तासांच्या पाळीला ते कसे पुरणार?

खरी अडचण बहुधा ड्रॉइंगमध्येच निघेल. शॉप फ्लोअरवर लाल पेनाने केलेली दुरुस्ती संगणकातील तारांच्या यादीत गेली नसेल, तर कोणतेही उपकरण जुनीच चूक नव्या रूपात दाखवील. आधी ती यादी पक्की करून एकाच प्रकारच्या पॅनेलवर टॅब्लेटचा प्रयोग करावा. नवख्या आणि मुरलेल्या वायरमनचा वेळ व चाचणीत सापडलेल्या चुका वेगवेगळ्या नोंदवाव्यात, कारण लाभ बहुतेक नवख्यांनाच अधिक होतो. या नोंदी पगार कापण्यासाठी वापरल्या जाणार नाहीत, हे कामगारांना आधीच लेखी सांगावे. एरवी ते उपकरणाला पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यात ठेवतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

चष्मा घ्यायचाच असेल, तर एखादा ग्राहकाच्या साइटवर जाणाऱ्या तंत्रज्ञासाठी घ्यावा. त्याचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि तो जे पाहतो ते अंबडमध्ये बसलेल्या अनुभवी अभियंत्याला दिसते, त्यामुळे एका बिघाडासाठी दुसरा माणूस पाठवण्याची वेळ अनेकदा टळते.