जर्मनीला निघण्याआधी ध्येयांची यादी दोघांनी मिळून लिहा

नमस्कार,

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करता. श्टुटगार्टच्या एका कंपनीची ऑफर हातात आहे. पत्नी फिजिओथेरपिस्ट, मुलगी तीन वर्षांची, आईवडील सांगलीजवळ गावी. पाच वर्षांची ध्येयं तुम्ही लिहून काढलीत: टीम लीड व्हायचं, पुण्यातल्या फ्लॅटचं कर्ज फेडायचं, गावाकडे थोडी शेती घ्यायची आणि मग परत यायचं. यात अजून काय धरायला हवं, असं तुम्ही विचारलंत.

मी याच भागात बरीच वर्षं राहते आणि याच उद्योगात आहे. तुमच्या प्रश्नात आईवडिलांचा विषय पुन्हा पुन्हा येतो, ध्येयांच्या यादीत मात्र ते कुठेच नाहीत. पत्नीच्या कामाबद्दल ‘तिथे गेल्यावर बघू’ एवढंच आहे. यादी बहुधा ऑफिसच्या सवयीने लिहिली गेली असावी. ती बाजूला ठेवा आणि दोघं मिळून गेल्या वर्षाचं बँक स्टेटमेंट आणि रजांचा हिशोब बघायला बसा. पैसा कुठे गेला, रजा कुणासाठी टाकली, कुठला शनिवार-रविवार काही झालं तरी मोडला नाही, हे बघा. आपल्याला काय मोलाचं वाटतं ते तिथे स्पष्ट दिसतं. मग प्रत्येक गोष्टीपुढे लिहा की श्टुटगार्टमध्ये हे चालू ठेवायला काय लागेल. पुण्यात असताना जे आपोआप घडतं, त्यातलं बरंचसं इथे ठरवून, पैसे आणि रजा राखून करावं लागतं.

आईवडिलांपासून सुरुवात करते, कारण तुमची खरी काळजी तीच दिसते. ते पाहुणे म्हणून आले तर व्हिसा कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसांचा. कायमचं आणायचं म्हटलं तर 1 मार्च 2024 पासून कायद्यात वाट आहे. त्या तारखेनंतर ज्यांना कुशल कामगार म्हणून राहण्याचा पहिला परवाना मिळाला, त्यांना आईवडिलांसाठी अर्ज करता येतो. पण त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा तुम्हाला दाखवावा लागतो, आणि सत्तरीच्या आसपास इथला विमा मिळणंच अवघड आणि महाग असतं. त्यामुळे या वाटेवर विसंबून बेत आखू नका. फ्रँकफर्ट-मुंबई विमान थेट असलं तरी इथल्या घरातून गावच्या दारात पोहोचायला जवळपास दिवस जातो. म्हणून ‘आईबाबांकडे लक्ष देणं’ असं मोघम लिहू नका. दरवर्षी तीन आठवडे सलग गावी, आणि तेही लग्नाच्या धावपळीत नाही. अचानक निघावं लागलं तर दोघांच्या तिकिटांचे पैसे कायम वेगळ्या खात्यात. दवाखान्यात त्यांच्यासोबत कोण जाणार, तो माणूस आधीच ठरलेला आणि त्याच्याशी मोकळेपणाने बोलणं झालेलं. हे लिहा, म्हणजे वर्षाच्या शेवटी झालं की नाही ते तपासता येईल.

आता पत्नीचं काम. मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते हेच. तुम्हाला बहुधा ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधर परदेशी नोकरदारांचा राहण्याचा परवाना, मिळेल; ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेची अट नाही आणि आल्या दिवसापासून कामाची परवानगी असते. हे ऐकून बरेच जण निर्धास्त होतात. पण फिजिओथेरपी इथे नियंत्रित व्यवसाय आहे. पदवीला मान्यता घ्यावी लागते, साधारणपणे बी-टू पातळीचं जर्मन लागतं (भाषेच्या पातळ्या चढत्या क्रमाने ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा), आणि अभ्यासक्रमात फरक निघाला तर वरून प्रशिक्षण किंवा परीक्षा. तुमचं ऑफिस कदाचित इंग्रजीत चालेल, तिचा रुग्ण जर्मनच बोलणार. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत घरातला वेळ आणि पैसा आधी तिच्या भाषेवर लागायला हवा, तुमच्या बढतीवर नंतर. तिच्या सकाळच्या वर्गाच्या वेळी मुलगी कुठे, हा प्रश्नही त्यातच येतो. वर्षाच्या पुढच्या मुलांना बालवाडीत, म्हणजे इथल्या किटात, जागा मिळण्याचा हक्क 2013 पासून कायद्यात आहे, पण शहरांत जागा कमी आणि वाट बघणारे खूप. पत्ता ठरताच अर्ज करा. तुमच्या जागी मी असते तर कंपनीकडून दोन-चार महिने मागून घेतले असते आणि तिचं ए-टू पुण्यातच, मॅक्समुल्लर भवनात, पूर्ण करून निघाले असते. इथे आल्यावर घर, कागदपत्रं आणि थंडी यांत पहिले महिने कसे जातात ते कळत नाही. आपलं काम हातचं गेलेल्या हुशार बायका मी इथे पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या नवऱ्यांच्या यादीतली सगळी ध्येयं पूर्ण झालेली होती.

तुमचं जर्मनही सोडू नका. ब्लू कार्डवर बी-वन असेल तर 21 महिन्यांनी कायम वास्तव्य मागता येतं, नुसत्या ए-वनवर 27 महिन्यांनी. इथल्या वाहन उद्योगात सध्या नोकरकपात चालू आहे, त्यामुळे हे सहा महिने महत्त्वाचे आहेत. बेकारी भत्त्यासाठी आधीच्या 30 महिन्यांत किमान 12 महिने बेकारी विम्याची वर्गणी भरलेली असावी लागते, म्हणजे पहिल्या वर्षी तुम्हाला तो आधार नाही. त्यात पहिले सहा महिने बहुधा प्रोबेशन, आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. घर सुरक्षित राहावं हे जर तुम्हाला मोलाचं असेल, तर पहिल्या वर्षी फ्लॅटचा नेहमीचा हप्ता तेवढा भरा. जादा रक्कम कर्जात टाकू नका, इथल्या खात्यात साठू द्या.

टीम लीडचं म्हणाल तर आधी स्वतःला विचारा की तुम्हाला माणसं सांभाळायला आवडतं की पुण्यात वर जायला दुसरी वाट नव्हती. इथे पन्नाशीचा तज्ज्ञ अभियंता, हाताखाली एकही माणूस नसलेला, बैठकीत शेवटचा शब्द देताना मी रोज बघते. आणि लोक सांभाळायचे तर कामापुरतं जर्मन पुरत नाही.

वेळ हा पैशाइतकाच धरून चला. बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या, म्हणजे श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथल्या, धातू आणि विद्युत उद्योगात कामगार संघटनेच्या कराराखालच्या कंपन्यांत आठवडा 35 तासांचा आणि वर्षाला 30 दिवस रजा असते. दुसऱ्या कंपन्यांना अभियंते पुरवणाऱ्या संस्था अनेकदा त्या कराराबाहेर असतात. तिथे 40 तास चालतात, आणि पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान रजा फक्त 20 दिवस. गावी तीन आठवडे म्हणजे 15 दिवस तिथेच संपले. अशा वेळी मी थोडा कमी पगार घेईन आणि 30 दिवस घेईन.

शेतीचं स्पष्टच सांगते. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते. महाराष्ट्रात तर शेतकरी नसलेल्याला एरवीही ती सहज घेता येत नाही. गावाशी नातं ठेवायचं असेल तर वडिलांची जमीन असल्यास तिचे कागद, वाटण्या आणि सातबाऱ्यावरच्या नोंदी आत्ताच नीट करून घ्या.

परत येण्याला तुम्ही पाच वर्षांचा आकडा लावलाय. तो मुलीच्या शाळेला लावा. इथे सहाव्या वर्षी पहिली सुरू होते, आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये चौथीनंतर, साधारण दहाव्या वर्षी, मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात. त्यानंतर परतणं तिला फार जड जाईल. म्हणून ती तिसरीत असताना दोघांनी बसून ठरवायचं, राहायचं की जायचं, आणि मग चालढकल नाही. तोपर्यंत परतीचा दरवाजा खरोखर उघडा राहावा म्हणून तिला मराठी नुसती बोलता नाही, वाचता आणि लिहिताही यायला हवी. बाहेर जर्मन तिला आपोआप येईल, घरात जर्मन-इंग्रजीची भेसळ होऊ देऊ नका. मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, गणपती आणि दिवाळीला मुलं जमतात, पण बाराखडी घरातच गिरवावी लागते.

सहीआधी कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा: संघटनेचा करार लागू आहे का, आठवड्याचे तास आणि रजा किती, आणि तीन आठवडे सलग रजा मिळते का. पत्नीच्या भाषावर्गाचा खर्च उचलतील का तेही विचारून बघा, काही कंपन्या उचलतात. उत्तरं आली की पगाराच्या आकड्यासकट इथेच कळवा. एकटेच कमावणार असाल तर करवर्ग तीन, म्हणजे पगारातून दरमहा कमी कर कापला जाणारा विवाहितांचा वर्ग, घेता येईल. हातात किती पडतील आणि त्यातून तिकिटांचं खातं, वर्गाची फी, घरभाडं कसं बसतं ते मी मांडून देते.